सतरा सीटांची आरसी आणि दोन माणसांचं घर

विमा कंपनीचा सर्व्हेअर जळक्या गाडीत वाकला, आत टॉर्च फिरवला, हातातली आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची, प्रत पुन्हा वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सतरा सीटं लिहिलीत यात. कुठायत?"

सीटं गुरुजींच्या गोठ्यात होती. खाली विटा, वर ताडपत्री, उंदरांनी फोम कुरतडू नये म्हणून कडेला डांबरगोळ्या. गाडी कधी विकायची वेळ आली तर परत बसवता येतील म्हणून गुरुजींनी ती जपून ठेवली होती. मी तसं सांगितलं. सर्व्हेअरने वहीत काहीतरी टिपलं आणि मला तिथेच कळलं, क्लेम गेला.

मी साताऱ्यात मोटार विम्याची कामं करतो. गुरुजी माझे चौथीचे शिक्षक, आणि या गाडीची पॉलिसी माझ्याच हातून नूतनीकरण झालेली. त्यामुळे हे प्रकरण मी तटस्थपणे लिहितोय असं कुणी समजू नये. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, गुरुजींच्या परवानगीने. "लिही," म्हणाले, "फक्त व्याकरण सांभाळ."

गाडी २०१६ सालची, १७ सीटर ट्रॅव्हलर, एमएच ११, पिवळी पाटी. आधीचा मालक अष्टविनायक आणि शिर्डीच्या सहली करायचा. जानेवारी २०२४ मध्ये पासिंग करून त्याने ती गुरुजींना ६ लाखांना दिली. गुरुजींना आणि काकूंना गोंदवले, पंढरपूर, गणपतीपुळे, हंपी असं हळूहळू फिरायचं होतं. लॉजवरच्या गाद्या काकूंना चालत नाहीत आणि बाहेरचं तिखट गुरुजींना. म्हणून मग गाडीतच घर.

एमआयडीसीतल्या एका बॉडीवाल्याने दोन महिन्यांत सगळं करून दिलं. सीटं काढली. मागे पलंग, त्याच्या खाली कप्पे. डाव्या बाजूला ओटा, बेसिन, ८० लिटरची पाण्याची टाकी. पत्रा कापून मोठी सरकती खिडकी. छतावर दोन सोलर पॅनेल, पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि १००० वॉटचा इन्व्हर्टर. स्वयंपाकाला घरातलाच १४.२ किलोचा सिलिंडर, पट्ट्याने बांधलेला. खर्च सव्वाचार लाख. सनमायका काकूंनी पसंत केलेला, फिकट पोपटी. काम सुरेख होतं, हे मी आजही म्हणतो. नुसतं पाहून कुणालाही हेवा वाटला असता.

आरसीवर यातलं काहीही नव्हतं. परवाना प्रवासी वाहतुकीचा, वर्ग ट्रान्सपोर्ट, सीटं सतरा.

ऑगस्टमध्ये पॉलिसी संपत आली. मी गुरुजींना फोन केला, जुन्या पॉलिसीची प्रत आणि आरसीचा फोटो मागवला. खंड नव्हता, त्यामुळे गाडीची तपासणी लागत नाही. "मागच्या वर्षीपासून गाडीत काही बदल नाही" अशा अर्थाची एक ओळ अर्जात असते. ती ओळ मी वाचून दाखवली नाही. "गुरुजी, ओटीपी आला असेल, सांगा," एवढंच म्हणालो. त्यांनी सांगितला. कायद्याच्या नजरेत त्या सहा आकड्यांनी त्यांनी जाहीर केलं की गाडी जशी होती तशीच आहे. चार मिनिटांचं काम. गंमत अशी की प्रवासी गाडीच्या थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यात मूळ रकमेवर प्रत्येक प्रवाशामागे वेगळी रक्कम असते. गोठ्यातल्या सीटांसाठीही गुरुजींनी तो हप्ता पूर्ण भरला.

बामणोलीच्या चढावर

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. दोघं बामणोलीला शिवसागराच्या काठी एक रात्र राहून कासमार्गे परत येत होते. चढावर काकूंना जळक्या रबराचा वास आला. गुरुजींनी आरशात पाहिलं तर पलंगाच्या फळीखालून धूर. त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पहिला विचार सिलिंडरचा केला. हँडब्रेक पुरता ओढला गेला नव्हता. गाडी काही फूट मागे घसरली. मागे एक तरुण मोटारसायकल थांबवून मदतीला उतरत होता, त्याचा पाय बंपर आणि मोटारसायकल यांच्यामध्ये सापडला. नडगीचं हाड मोडलं.

आजूबाजूच्या पोरांनी सिलिंडर ओढून बाहेर काढला, दगड लावून गाडी अडवली, माती आणि पाणी टाकून आग विझवली. गाडीचा मागचा अर्धा भाग गेला. गुरुजींचा हात भाजला. मेढा पोलीस ठाण्यात नोंद झाली, आरटीओच्या निरीक्षकांकडून गाडीची तपासणी झाली.

आग का लागली हे सर्व्हेअरने अर्ध्या तासात शोधलं, आणि ते कॅम्पर बांधणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर चालतो तेव्हा हजार भागिले बारा, म्हणजे ८३ अँपिअर प्रवाह लागतो. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग धरला तर नव्वदीच्या पुढे. एवढ्या प्रवाहाला चांगली जाड, २५ चौरस मिलिमीटरच्या आसपासची केबल लागते. बॉडीवाल्याने घरातल्या वायरिंगला वापरतात तसली ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती. घरी २३० व्होल्टवर हाच इन्व्हर्टर साडेचार अँपिअरच्या आत खेळतो, म्हणून वायरमनच्या डोक्यात आकडा तोच बसलेला. त्यात पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर नेताना रबराची कडी बसवली नव्हती. घाटातल्या हिसक्यांनी वायरचं आवरण पत्र्याच्या धारेवर घासत राहिलं. आणि बॅटरीजवळ फ्यूज नव्हता. आवरण कापलं गेलं तेव्हा पूर्ण बॅटरी पत्र्यामार्गे शॉर्ट झाली आणि तिला अडवणारं मध्ये काहीच नव्हतं. फ्यूज असता तर वायर वाचली असती, पलंग वाचला असता, आणि मी हे लिहायला बसलो नसतो.

मागचं आपत्कालीन दार पलंगाच्या फळीने बंद झालेलं होतं. १३ किंवा जास्त प्रवाशांच्या गाड्यांना बस बॉडीचे जे मानक लागू आहे त्यात बाहेर पडण्याच्या मार्गांवर काटेकोर अटी आहेत. काकू पुढच्या सीटवर बसल्या होत्या. पलंगावर झोपलेल्या असत्या तर, हा विचार मी त्या दिवशी कुणापुढे बोललो नाही.

कायदा कुठे मोडला

गुरुजींचं म्हणणं होतं, "माझी गाडी, माझे पैसे, मी आत काय ठेवावं हे कोण सांगणार?" ही समजूत सातारा जिल्ह्यात तरी सार्वत्रिक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आणि आरसीवरची नोंद यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. याच कलमात बदलाची व्याख्याही आहे: गाडीच्या रचनेत असा फेरफार, ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्या निकालात केरळ उच्च न्यायालयाचा शिथिल अर्थ रद्द झाला. तेव्हापासून कुठल्याही आरटीओत बदलाचा अर्ज नेला की आधी हा निकाल पुढे येतो. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला २०१९ च्या दुरुस्तीत वेगळी वाट आहे, इंधनाच्या किटलाही आहे. निवृत्त शिक्षकाच्या पलंगाला नाही.

मग रेघ कुठे आखायची? गाडीत गादी पसरली, स्टोव्ह डिकीत ठेवला, खुर्च्या घेतल्या, तर ते सामान झालं. सामानाला आरसी लागत नाही. सीट काढलं की सीटांची संख्या बदलली, आणि ती आरसीवर छापलेली आहे. पत्रा कापला की बॉडी बदलली. यावर वाद घालायला जागा कमी आहे.

कलम १८२-ए(४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लोक वाचत नाहीत. निरीक्षकांच्या अहवालात सीटं, खिडकी, आपत्कालीन दार आणि छतावरचा सांगाडा असे चार बदल वेगळे लिहिलेले होते. घरगुती सिलिंडर घराबाहेर वापरल्याची बाब आणखी निराळी. तो सवलतीचा असो वा नसो, घरातल्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो.

गुरुजींच्या पुतण्याने त्यांना एक बातमी दाखवली होती: राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. "सरकारच म्हणतंय कॅराव्हॅन करा." धोरण खरं आहे. पण ते कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्कचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातली गाडीसुद्धा परिवहन खात्याच्या नियमांतूनच जावी लागते. राज्याच्या पर्यटन धोरणाने केंद्राच्या कायद्यातलं कलम ५२ सैल होत नाही.

कंपनीचं पत्र

आग, स्फोट, आपोआप पेट घेणं हे सगळं पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत, येतं. गुरुजींनी पॉलिसीतलं तेच वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून आणलं होतं. पुढच्याच भागात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड वगळलेला आहे, ते त्यांनी अधोरेखित केलं नव्हतं. त्याचा अर्थ असा की वायरमुळे लागलेल्या आगीचं नुकसान मिळू शकतं, खुद्द बिघडलेल्या वायरचं मिळत नाही.

कंपनीने मात्र त्या बारकाव्यात शिरायची गरजच ठेवली नाही. पत्रात कारणं तीन. गाडीत मूलभूत बदल केला आणि कळवला नाही. आग त्या बदलातूनच लागली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची पॉलिसीची अट मोडली. मी त्यांच्या बाजूने बसलो असतो तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त भाषा जरा माणसासारखी ठेवली असती.

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ५ लाख १० हजार होता. त्यात सव्वाचार लाखांच्या कामाचा एक रुपयाही धरलेला नव्हता. उत्पादकाच्या किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांची किंमत वेगळी सांगून, जादा हप्ता भरून आयएमटी २४ हे कलम पॉलिसीला जोडून घ्यावं लागतं. पण ते जोडायला गेलो असतो तर आधी प्रश्न आला असता की बसमध्ये इन्व्हर्टर कशाला. भांडी, अंथरूण, काकूंचा टॅब हे तर मोटार पॉलिसीत कधीच नसतं. गुरुजींच्या भाजलेल्या हाताचंही काही मिळालं नाही, कारण मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, दवाखान्याच्या बिलासाठी नाही.

एक आशा होती. नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदू साहू (२०१०) या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वापराच्या अटीचा भंग झाला तरी क्लेम सरसकट फेटाळू नये, ७५ टक्क्यांपर्यंत 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने द्यावा. पहिल्या प्रकरणात खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरताना चोरीला गेली होती. त्या चोरीशी टॅक्सी म्हणून वापराचा संबंध नव्हता. आमच्या प्रकरणात आगीचा उगम आणि बदल एकाच पलंगाखाली होते. हा फरक मी गुरुजींना सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे चोरी झाली असती तर बरं झालं असतं."

खरं आहे. चोरी झाली असती तर भांडायला जागा होती.

तरीही आम्ही दाद मागितली. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, महिन्याभरात समाधान नाही म्हणून पुण्याच्या विमा लोकपालांकडे. नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं, फी नसते, वकील चालत नाही. गुरुजी स्वतः उभे राहिले, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाला त्यांनी "हो, माझी चूक" असं उत्तर दिलं. तक्रार नामंजूर झाली. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी होती, दोन वर्षांची मुदतही होती. त्यांनीच नको म्हटलं.

मोटारसायकलवाल्याचं काय

इथे चित्र उलटं झालं. थर्ड पार्टी विमा कलम १४६ ने सक्तीचा आहे आणि जखमी माणसाला कंपनीने नाकारायची कारणं कलम १५० मध्ये मोजून दिलेली आहेत. गाडीत पलंग होता, हे त्यांत नाही. महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी मिळवली, हे आहे. कंपनीच्या वकिलांनी तेच पुढे केलं. पण अशा वेळी मोटार अपघात न्यायाधिकरणं बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला सांगतात आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून ही पद्धत रुळलेली आहे. लायसन्सचा मुद्दा काढून पाहिला, तोही टिकला नाही. गुरुजींकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, लायसन्स, गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असं लायसन्स अशा ट्रान्सपोर्ट गाडीलाही चालतं यावर शिक्कामोर्तब केलेलं.

साताऱ्याच्या लोकअदालतीत तडजोड झाली. त्या मुलाला पैसे मिळाले. वसुलीचा हक्क राखून ठेवल्याचं एक पत्र कंपनीने गुरुजींना पाठवलं आहे. अजून नोटीस आलेली नाही. ते पत्र त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय, काकूंच्या लक्षात येऊ नये म्हणून. काकूंना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मग करायचं कसं

हा प्रश्न मला आता आठवड्यातून एकदा तरी येतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनाचा वर्ग आपल्या कायद्यात आहे. केंद्राच्या वाहन वर्गीकरणात तो नॉन-ट्रान्सपोर्ट यादीत आहे, आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीतही तो निवडता येतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय, या गोष्टी अशा गाडीत असाव्या लागतात. म्हणजे गुरुजींना हवं होतं ते बेकायदा नव्हतं. त्यांनी ते ज्या क्रमाने केलं, तो क्रम बेकायदा होता.

सरळ वाट नव्या गाडीची आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजुरी घेतलेला बांधणीवाला गाठायचा, बॉडी त्याच्याकडून करून घ्यायची, फॉर्म २२-ए चा पहिला भाग चासी बनवणाऱ्याकडून आणि दुसरा बॉडी बांधणाऱ्याकडून घ्यायचा, आणि नोंदणीच कॅम्पर म्हणून करायची. मग विमा कंपनीला आरसी दाखवून आत काय काय आहे ते किमतीसह लेखी द्यायचं. महाग आहे. पण पॉलिसी त्या गाडीची असते.

जुनी गाडी घेऊन ती बदलायची असेल तर कटर लावण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर लेखीच घ्यावं. बऱ्याचदा उत्तर नकाराचं येईल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती हवी. पिवळी पाटी असेल तर परवाना परत करणं, वर्ग बदलणं, कराचा फरक, हे सगळं आधी. 'आधी करू, मग आरसीवर चढवून घेऊ' असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याकडून ते कागदावर लिहून मागा. तो लिहून देणार नाही.

बॉडीवाल्याबद्दल गुरुजींना राग नाही. मला आहे. त्याने पावती दिली ती "फर्निचर काम" अशी. वायरिंगचा उल्लेख नाही, वायरची जाडी नाही. ग्राहक आयोगात त्याच्यावर जायचं म्हटलं तरी हातात काय आहे? फर्निचर तर उत्तमच होतं.

गाडीत सीटं परत बसली. गोठ्यातली, डांबरगोळ्यांच्या वासाची. खिडकीच्या जागी पत्रा लागला, मागचं दार मोकळं झालं, आरटीओत तपासणी झाली आणि गाडी कराडच्या एका शाळेच्या ठेकेदाराला पावणेतीन लाखांना गेली.

गेल्या महिन्यात गुरुजींचा फोन आला. जुनी पाच सीटर व्हॅन घेतलीय, काकूंनी घडीची गादी शिवून घेतलीय, पॉलिसी कर. "ओटीपी कधी येईल?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आधी गाडी बघायला येतो. गेलो. सीटं मोजली, गादी उचलून खाली पाहिलं, वायर कुठे नव्हती. गुरुजी दारात उभे राहून बघत होते, परीक्षेला निरीक्षक आल्यासारखे. मागे एक घडीचं टेबल होतं, फिकट पोपटी सनमायक्याचं, एका कडेला काळं पडलेलं.

"हे स्क्रूने बसवलं नाही ना?" मी विचारलं.

"हात लावून बघ," गुरुजी म्हणाले.